फूल आणि गाणं : अमेरिकेतल्या लॅटिनएक्स कवींची गोष्ट



एरवी मी तुमच्याकडे आले की बचत, कर्ज, हप्ते, बँकेचं खातं असंच काहीतरी घेऊन येते. आज वही बाजूला ठेवूया. आज बोलायचंय कवितेबद्दल, आणि कवितेसाठी एकत्र बसणाऱ्या माणसांबद्दल.

कविता म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींना शाळेचं पुस्तक आठवतं. पाठांतर, रिकाम्या जागा भरा, आणि चुकलं की हातावर छडी. त्यामुळे "आम्हाला काय करायचंय कवितेशी?" असं कुणी विचारलं तर मला नवल वाटत नाही. पण जगात अशीही माणसं आहेत, ज्यांच्या आईबापांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, ज्यांची बोली शाळेत मारून बंद केली, आणि तरी त्यांनी कवितेला सोडलं नाही. पोटाची लढाई चालू असतानाच त्यांनी मनाच्या भुकेची सोय केली. ही माणसं आहेत अमेरिकेतले लॅटिनएक्स कवी. आज त्यांची गोष्ट ऐकूया.

आधी हा शब्द समजून घेऊ. लॅटिनएक्स. मेक्सिको, प्युर्तो रिको, क्युबा, एल साल्वादोर अशा मुलुखांशी ज्यांचं नातं आहे आणि जे अमेरिकेत राहतात, त्यांच्यासाठी हा शब्द वापरतात. स्पॅनिश भाषेत पुरुष असेल तर 'लातिनो' आणि बाई असेल तर 'लातिना' म्हणतात. मराठीत नाही का, तो 'आला' आणि ती 'आली', तसंच. मग सगळ्यांना मिळून काय म्हणायचं? बाई, पुरुष आणि या दोन्हींत स्वतःला न बसवणारे, सगळे एका शब्दात यावेत म्हणून अलीकडे काही जणांनी शेवटी 'एक्स' लावला. सगळ्यांनाच तो आवडतो असं नाही. कुणी स्वतःला लातिनो म्हणवतं, कुणी चिकानो, कुणी प्युर्तोरिकन. २०२०च्या जनगणनेत अमेरिकेत हे लोक सहा कोटी वीस लाखांच्या आसपास होते. म्हणजे दर शंभर माणसांत अठरा-एकोणीस.

यातले सगळेच बाहेरून आलेले नाहीत, हेही लक्षात ठेवा. १८४६ ते १८४८ या काळात अमेरिका आणि मेक्सिकोत युद्ध झालं. मेक्सिको हरला आणि त्याचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथली माणसं जिथल्या तिथंच राहिली, सीमाच त्यांच्या अंगावरून पुढे सरकली. काल आपल्या गावात होतो, आज त्याच गावात परके झालो. प्युर्तो रिको हे बेट १८९८ साली अमेरिकेच्या ताब्यात गेलं. बाकीचे पुढे कामाच्या शोधात, कुणी यादवी युद्धातून जीव वाचवत आले. द्राक्षं तोडायला, बीट उपटायला, लोकांची घरं झाडायला. मजुरी मिळाली, पण मान मिळाला नाही. अशा वेळी माणूस आतून कशाच्या जोरावर उभा राहतो? माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे.

या लोकांच्या एका जुन्या भाषेपासून सुरुवात करते. मेक्सिकोत स्पेनचे लोक येण्याआधीपासून नाहुआत्ल नावाची भाषा बोलली जाते. आजही लाखो लोक ती बोलतात. त्या भाषेची एक सवय मला फार आवडते. दोन साध्या वस्तूंची नावं शेजारी ठेवायची आणि त्यातून तिसरंच काहीतरी सांगायचं. आपल्याकडे 'चूल आणि मूल' म्हटलं की कुणाला चूल दिसत नाही आणि मूलही दिसत नाही, बाईचा सगळा जन्म दिसतो. तसं नाहुआत्लमध्ये 'पाणी, डोंगर' म्हटलं की त्याचा अर्थ गाव. खरंच आहे, जिथे पाणी आणि डोंगराचा आडोसा तिथे गाव वसणार. आणि 'फूल, गाणं' म्हटलं की त्याचा अर्थ कविता.

फूल आणि गाणं. दोन्ही टिकत नाहीत. फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं, गाणं संपलं की हवेत विरतं. माणसाचं आयुष्यही तसंच. पण त्या जुन्या लोकांची समजूत अशी होती, की या क्षणभंगुर जगात देवाशी बोलायचं असेल तर फूल आणि गाणं हीच वाट आहे. सोनं नाही, किल्ला नाही. म्हणजे कविता ही त्यांच्याकडे करमणूक नव्हती, ते देवाशी बोलणं होतं.

पुढे स्पेनचं राज्य आलं, ख्रिस्ती धर्म आला. तेव्हाची एक कथा मेक्सिकोत घरोघरी सांगतात. १५३१ साली हुआन दिएगो नावाचा एक गरीब आदिवासी माणूस तेपेयाक टेकडीवरून जात होता. त्याला आधी पाखरांसारखं गोड गाणं ऐकू आलं आणि मग देवीनं दर्शन दिलं. ती त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलली, नाहुआत्लमध्ये. पुढे तिनं खूण म्हणून भर हिवाळ्यात खडकाळ टेकडीवर फुलं फुलवली. त्यानं ती अंगावरच्या वस्त्रात गोळा करून बिशपकडे नेली. बघा, कथेत आधी गाणं आलं आणि मग फूल. ही ग्वादालुपेची माता. ख्रिस्ती लोकांसाठी ती येशूची आई मेरी. पण त्याच टेकडीवर पूर्वी तोनानत्सिन नावानं देवीची पूजा होत असे, असं सांगतात. तोनानत्सिन म्हणजे 'आमची आई'. डोंगरावरची देवी आपल्याला काही नवीन नाही. नाव बदलतं, गाभारा बदलतो, आईकडे जाणाऱ्या बायका त्याच वाटेनं जातात.

या मातेचा झेंडा पुढे एका मोठ्या मोर्च्याच्या अग्रभागी होता. १९६५ साली कॅलिफोर्नियात डेलानो गावाजवळ द्राक्षमळ्यातल्या मजुरांनी संप केला. आधी फिलिपिनो मजुरांनी केला, मग त्यांच्यासोबत मेक्सिकन मजूर उतरले. सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता हे त्यांचे पुढारी. वेर्ता ही बाई, हे मुद्दाम सांगते. १९६६च्या मार्चमध्ये हे मजूर डेलानोहून राज्याच्या राजधानीकडे, सॅक्रामेंटोकडे पायी निघाले. सुमारे पाचशे किलोमीटर चालले आणि पंचवीस दिवसांनी ईस्टरच्या रविवारी पोचले. या चालण्याला त्यांनी मोर्चा म्हटलं नाही, तीर्थयात्रा म्हटलं. पायाला फोड येत होते. मुक्काम पडला की शेतमजुरांचीच नाटक मंडळी नाटुकली आणि गाणी करायची. लुईस वाल्देस या तरुणानं ही मंडळी उभी केली होती. ट्रकचा मागचा भाग हाच त्यांचा रंगमंच. दिवसभर चालून थकलेली माणसं रात्री गाणं ऐकायची आणि सकाळी पुन्हा चालायला लागायची. आपल्याकडे ज्यांनी वारी केली आहे त्यांना मी वेगळं काय सांगू? मागणी मजुरीची होती. पण रोज सकाळी उठून चालायला लावणारं बळ त्या झेंड्यातून आणि त्या गाण्यांतून येत होतं.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली, डेन्व्हर शहरातल्या रोडोल्फो गोन्झालेस नावाच्या माणसाची एक दीर्घ कविता आली. हा एके काळचा मुष्टियोद्धा. लहानपणी त्यानं बिटाच्या शेतात राबून काढलेलं. त्याच्या कवितेत एक माणूस आपल्या लोकांचा सगळा इतिहास स्वतःच्या तोंडून सांगतो. सभांमध्ये ती मोठ्यानं वाचली जायची. पोरंबाळं उभं राहून ऐकायची. आपलाही काही इतिहास आहे, हे अनेकांना त्या कवितेतून पहिल्यांदा कळलं.

आता एका बाईबद्दल सांगते. ग्लोरिया अन्झाल्दुआ. १९४२ साली टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळ जन्मली. घरचे शेतात राबणारे, आणि तीही राबली. चौदा वर्षांची असताना वडील गेले. शाळेच्या मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना सापडली म्हणून तिला बोटांच्या पेरांवर पट्टीचे फटके बसले होते. तिनंच हे लिहून ठेवलंय. घरात जी भाषा आई बोलते, ती शाळेत गुन्हा. मैत्रिणींनो, असं झालं की मूल नुसतं मुकं होत नाही. त्याला आईचीच लाज वाटायला लागते.

ग्लोरिया शिकली. बी.ए. झाली, एम.ए. झाली, शिक्षिका झाली. १९८७ साली तिचं 'बॉर्डरलँड्स' नावाचं पुस्तक आलं. बॉर्डरलँड्स म्हणजे सीमेवरचा मुलूख. त्यात अर्धे लेख आणि अर्ध्या कविता आहेत. इंग्रजी, स्पॅनिश, नाहुआत्ल या सगळ्या भाषा तिनं एकत्र नांदवल्या. ज्या भाषेसाठी फटके खाल्ले, तीच तिनं छापली. सीमेवर राहणाऱ्या माणसाला इकडचे आपला म्हणत नाहीत आणि तिकडचेही म्हणत नाहीत. त्या मधल्या अवस्थेला नाहुआत्लमध्ये 'नेपान्तला' म्हणतात. ग्लोरियाचं म्हणणं असं, की ही मधली जागा दुखते खरी, पण नवं काही जन्मतं तेही तिथेच. माहेर सुटलंय आणि सासर अजून आपलं झालेलं नाही, अशा दिवसांत जी बाई राहिली आहे, तिला नेपान्तला वेगळं समजावून सांगायला नको.

ग्लोरियासाठी लिहायला बसणं हे पूजेला बसण्यासारखं होतं. घरात तिनं छोटे देव्हारे मांडले होते. ग्वादालुपेची माता होती, जुन्या देवता होत्या, मेणबत्ती होती. लिहिताना आपण आत उतरतो, दुखणं वर येतं, त्याला शब्द मिळाला की आपण थोडे बदलतो, असा तिचा अनुभव. पण ती तिथेच थांबली नाही. स्वतः बदलायचं आणि सोबत बाहेरचा अन्यायही बदलायचा, हे एकच काम आहे असं ती मानायची. नुसती पूजा करून अन्यायाकडे पाठ फिरवायची नाही, आणि नुसती घोषणा देत आतून कोरडंही व्हायचं नाही. २००४ साली मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे ती गेली. वय अवघं एकसष्ट.

तुम्ही म्हणाल, ती शिकलेली होती, पुस्तकं लिहिणारी होती. बरं, मग एका आजीची गोष्ट ऐका. फ्रान्सिस्को अलार्कोन नावाचे कवी होते. २०१६ साली वारले. त्यांचं बालपण काही अमेरिकेत, काही मेक्सिकोत गेलं. त्यांची आजी गाणी गायची. नातवाला वाटलं, ही गाणी कुठेतरी लिहून ठेवावीत. म्हणून तो वही घेऊन बसला. लिहिता लिहिता मधलीच एखादी ओळ आठवेना, तर तिथे त्यानं आपल्या मनाची ओळ घातली. अशा आपल्या मनाच्या ओळी वाढत गेल्या आणि तो कवी झाला. आजीनं शिकवणी घेतली नव्हती. ती फक्त गात होती, आणि ऐकणारं कुणीतरी वही घेऊन बसलं होतं.

हे ऐकून तुम्हाला बहिणाबाई चौधरी आठवल्या असतील. मलाही आठवल्या. त्यांनी अक्षर गिरवलं नव्हतं. त्या काम करता करता गायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातलं माणूस ते उतरवून घेत. उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. ज्यांचं कुणी उतरवून घेतलं नाही अशा कितीतरी आज्या त्यांच्या गाण्यांसकट गेल्या. तिकडेही गेल्या आणि इकडेही गेल्या.

हुआन फेलिपे एरेरा हे असेच दुसरे कवी. १९४८ सालचा जन्म. आईवडील कॅलिफोर्नियात पिकामागे फिरणारे मजूर. आज या शेतात, उद्या त्या शेतात. तंबूत राहायचं, गाडीला जोडलेल्या खोपटात राहायचं. आपल्याकडचे ऊसतोडीला जाणारे संसार डोळ्यांपुढे आणा. पण या घरात आई गाणी म्हणायची, कविता म्हणायची. पुढे २०१५ साली हा मजुराचा मुलगा अमेरिकेचा राष्ट्रकवी झाला. त्या पदावर बसलेला पहिला लातिनो माणूस. त्याच्या लहानपणीच्या घराला भिंती नव्हत्या, पण आईच्या तोंडी गाणं होतं.

इथवर मी एकेका माणसाबद्दल बोलले. आता गटाकडे येते, कारण तो आपला विषय.

सांड्रा सिस्नेरोस ही शिकागोत वाढलेली लेखिका. सहा भावांत एकटी बहीण. लेखन शिकायला ती एका नावाजलेल्या विद्यापीठात गेली. तिथे वर्गात एकदा घर या विषयावर चर्चा चालू होती. बाकीचे ज्या घरांबद्दल बोलत होते, तसलं घर तिनं पाहिलंच नव्हतं. आधी तिला फार अवघडल्यासारखं झालं. मग तिनं ठरवलं, की जे या वर्गातल्या कुणालाही लिहिता येणार नाही, ते आपण लिहायचं. आपली गल्ली, आपली भाड्याची घरं, खिडकीत कोपर टेकून बसलेल्या बायका. १९८४ साली ते पुस्तक आलं आणि आज शाळाशाळांत वाचलं जातं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. सांड्राला नाव मिळालं, तेव्हा ती एकटी त्या खुर्चीवर बसून राहिली नाही. १९९५ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात तिनं आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती काही लिहिणारी माणसं जमवली. त्याला नाव दिलं 'माकोंदो'. गार्सिया मार्केस या मोठ्या लेखकाच्या कादंबरीतल्या गावाचं हे नाव. टेबलापासून सुरू झालेलं हे काम आता एक संस्था झालंय. तिथे कोण येतं? जे लोक सीमेवर काम करतात ते. ही सीमा देशाची असेल, गरिबी-श्रीमंतीची असेल, नाहीतर आध्यात्मिकही असेल. आणि एक अट अशी, की लिहिणारानं आपलं लेखन समाज जोडण्याच्या कामाचा भाग मानलं पाहिजे. नुसता हुशार माणूस पुरत नाही, दुसऱ्यासाठी मन मोठं असलेला माणूस लागतो.

सांड्राच्या श्रद्धेबद्दल विचारलं तर ती गमतीनं सांगते, की ती बुद्ध आणि ग्वादालुपे दोघांनाही मानते. तिनं त्यासाठी एक जोडशब्दच केलाय. या कवींत चर्चला नेमानं जाणारे आहेत, चर्चवर रागावलेले आहेत, जुन्या आदिवासी देवतांकडे वळलेले आहेत आणि देव न मानणारेही आहेत. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे बसण्याची रीत. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी लक्ष देऊन ऐकायचं. कोणती ओळ आपल्याला लागली ते सांगायचं, कुठे कळलं नाही तेही सांगायचं. मग एकत्र जेवायचं. आपण बोललो आणि समोरच्यानं खरंच ऐकलं, हे सुख किती दुर्मीळ आहे ते तुम्ही मला सांगा.

२००९ साली अशाच पाच कवींनी मिळून 'कांतोमुंदो' ही संस्था सुरू केली. 'कांतो' म्हणजे गाणं, 'मुंदो' म्हणजे जग. पाचांपैकी चार बाया होत्या. त्यांनी ही कल्पना कुठून घेतली, तेही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या काळ्या कवींनी १९९६ साली 'केव्ह केनेम' नावाचं आपलं घर उभं केलं होतं. त्यानंतर आशियाई वंशाच्या कवींनी 'कुंदिमान' उभं केलं. ते पाहून यांनी आपलं उभं केलं. एका वस्तीतला गट नीट चालला की शेजारच्या वस्तीतल्या बायका विचारायला येतात ना, तसंच हे.

आणि लॉस एंजेलिसच्या सिल्मार भागात 'तिया चुचा' नावाचं केंद्र आहे. लुईस रॉद्रिगेस हा कवी आणि त्याची बायको यांनी २००१ साली ते सुरू केलं. लुईस तरुणपणी टोळ्यांच्या मारामाऱ्यांत अडकला होता. कवितेनं आणि समाजाच्या कामानं त्याला बाहेर काढलं. आता त्याच्या केंद्रात पुस्तकं आहेत, गाण्याचे-नाचाचे वर्ग आहेत, कविता वाचायला मोकळा मंच आहे. 'तिया' म्हणजे मावशी किंवा आत्या. स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द. चुचा ही लुईसची खरी मावशी-आत्या. गाणारी, लिहिणारी, मनस्वी बाई. घरातले तिला जरा वेडी समजायचे. भाच्यानं तिचंच नाव केंद्राला दिलं. तुमच्या घराण्यात, तुमच्या गावात अशी एक चुचा होती की नव्हती? जरा आठवून बघा.

कुणी म्हणेल, ऐकून बरं वाटतं, पण कवितेनं होतं काय? तीन गोष्टी सांगते.

पहिली देमेत्रिया मार्तिनेस हिची. १९८०च्या दशकात एल साल्वादोर देशात यादवी युद्ध चालू होतं. जीव मुठीत धरून माणसं अमेरिकेत यायची आणि सरकार त्यांना परत पाठवायचं. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक चर्चनी त्यांना आसरा दिला. देमेत्रिया ही पत्रकार आणि कवी. एका पाद्रीसोबत ती सीमेवर गेली होती. तिथे साल्वादोरच्या दोन गरोदर बाया होत्या. त्यांच्यावर तिनं कविता लिहिली. कवितेच्या नावातच येशूच्या जन्माची आठवण होती. मेरीलाही बाळंतपणासाठी कुणी जागा दिली नव्हती ना! पुढे १९८७ साली देमेत्रियावरच खटला भरला. माणसं चोरून आणण्याचा कट केला, असा आरोप. आणि पुरावा म्हणून सरकारनं कोर्टात काय दाखवलं? तिची कविता. खूप वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार होती. १९८८ साली ती निर्दोष सुटली. ज्यांना आपलं म्हणायला कुणी तयार नव्हतं, त्यांना कवितेत आपलं म्हटलं, त्याची ही किंमत तिच्याकडे मागितली गेली.

दुसरी प्युर्तो रिकोची. २०१७च्या सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळानं ते बेट उद्ध्वस्त केलं. महिनोन्‌महिने वीज नव्हती. लांब राहणारे कवी काय करणार? त्यांनी एकमेकांना गाठलं. एकेक कविता दोन भाषांत, एकेका सुंदर कागदावर छापली. ते कागद विकले आणि पैसे तिथल्या 'तायेर सालुद' या बायकांच्या संस्थेला दिले. ही संस्था बायकांच्या आरोग्यासाठी काम करते. त्या कवींनी शोकही एकत्र केला आणि मदतही एकत्र केली. कागद विकून पैसे उभे करणं हा तर आपल्या गटासारखाच धंदा झाला!

तिसरी कागदपत्रांची. अमेरिकेत पहिल्या कवितासंग्रहासाठी स्पर्धा असतात. जिंकलं की पुस्तक छापतात. पण बऱ्याच स्पर्धांची अट होती, की कवी नागरिक हवा किंवा कायम राहण्याचा परवाना हवा. हावियेर सामोरा हा नऊ वर्षांचा असताना एल साल्वादोरहून आईबापांशिवाय निघाला होता. अनोळखी माणसांच्या सोबतीनं नऊ आठवडे प्रवास करून अमेरिकेतल्या आईवडिलांपाशी पोचला. वाटेतल्या त्या अनोळखी माणसांनीच त्याला सांभाळलं. असा मुलगा कवी झाला, पण कागद नाही म्हणून स्पर्धेच्या बाहेर. २०१५ साली त्यानं आणि त्याच्या दोन कवीमित्रांनी आवाज उठवला. बाकीचे कवी त्यांच्या मागे उभे राहिले. आणि एकामागून एक स्पर्धांनी ती अट काढली. दाखला नसला की माणूस दारातच अडतो, हे आपण तालुक्याच्या ठिकाणी रोज बघतो. त्या एकट्या पोराचं कुणी ऐकलं नसतं. मंडळी सोबत होती म्हणून ऐकलं.

आता मला काय वाटतं ते सांगते. अध्यात्म म्हटलं की आपण पोथी, उपवास, सप्ताह इथवर थांबतो. ते असू द्या, त्याचा आधार मोठाच आहे. पण माणसाला आपलं दुःख आपल्या भाषेत सांगता येणं, ते कुणीतरी न हसता ऐकून घेणं, आणि आपण एकटे नाही हे कळणं, हेही अध्यात्मच आहे. या कवींनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती केलं, ट्रकच्या पाठीवर केलं, मावशीच्या नावाच्या केंद्रात केलं. त्यासाठी त्यांना मोठी जागा लागली नाही, आणि मोठी पदवीही लागली नाही. ठरलेली वेळ, ठरलेली माणसं आणि ऐकायची तयारी, एवढं लागलं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या प्रत्येक गटाकडे आधीपासून आहेत.

आपल्या आज्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखांहून जास्त ओव्या गोळा केल्या. जात्यावर पुष्कळदा समोर दुसरी बाई असायची. गिरणी आली, कष्ट वाचले, फार चांगलं झालं. पण समोर बसणारी ती दुसरी बाईही त्याबरोबर उठून गेली. ती आता महिन्याच्या बैठकीत भेटते.

म्हणून एक सुचवते. पुढच्या बैठकीत वसुली झाली, सह्या झाल्या, की दहा मिनिटं थांबा. दर वेळी एकीनं आपलं काहीतरी सांगायचं. आजीची ओवी असेल, स्वतः जुळवलेल्या चार ओळी असतील, नाहीतर नुसती एखादी आठवण. बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि तिथलं बोलणं पाणवठ्यावर न्यायचं नाही. तिची परवानगी असेल तर शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीला बोलवा आणि ते लिहून घ्या. खाली बाईचं पूर्ण नाव घाला, तारीख घाला. गटात कुणी अबोल असेल, नवीन सून असेल, एकटी राहणारी असेल, तर तिला आधी विचारा. ती पहिल्यांदा "मला काही येत नाही" म्हणेल. दुसऱ्या महिन्यात पुन्हा विचारा.

ज्या गटांकडे अशा ओळी जमतील, त्यांनी आपल्या रेडिओ केंद्रावर कळवावं. आपण त्या तुमच्याच आवाजात ऐकवू.

नमस्कार.